ऑफ-रोड बंपरवर रिव्हर्स कॅमेऱ्याचा माउंट स्वतः कसा बनवायचा

गाडीचा मूळ प्लास्टिकचा बंपर काढून जाड पत्र्याचा बंपर चढवला की मागच्या कॅमेऱ्याची पंचाईत होते. कधी त्याची मूळ जागाच नव्या बंपरमागे लपते, कधी मोठ्या मापाची स्टेपनी नेमकी त्याच्यापुढे येते. कधी बंपर इतका बाहेर येतो की पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात नुसता काळा पत्रा दिसतो. तयार माउंट मिळतात, पण ते ठरावीक गाडी आणि ठरावीक बंपर यांच्या जोडीसाठी बनवलेले असतात. तुमची जोडी त्या यादीत नसेल तर माउंट स्वतः बनवणं किंवा फॅब्रिकेटरकडून बनवून घेणं हाच मार्ग उरतो.

काम अवघड नाही, गोंधळ होतो तो क्रमात. बहुतेक जण आधी बंपरला भोक पाडतात, त्यात कॅमेरा बसवतात, वायर ओढतात आणि पडद्यावर काय दिसतं ते सगळ्यात शेवटी बघतात. तुम्ही उलटं करा: आधी चित्र, मग पुठ्ठा आणि पत्र्याला ड्रिल सगळं ठरल्यावर. आणखी एक गोष्ट पहिल्यापासून गृहीत धरा. चिखल, पाणी आणि दगड खाणारा कॅमेरा कधी ना कधी बदलावा लागणारच. त्यामुळे माउंट आजच्या कॅमेऱ्यापुरता बनवू नका, उद्या दुसरा कॅमेरा त्याच जागी बसेल असा बनवा.

१. कॅमेरा आधी, माउंट नंतर

कॅमेऱ्याचे ढोबळ तीन प्रकार. पहिला भोकात बसणारा छोटा गोल कॅमेरा. याला साधारण १८ ते २२ मि.मी. भोक लागतं आणि बऱ्याचदा पाकिटात त्या मापाचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) मिळतो. दुसरा पट्टीखाली स्क्रूने लटकणारा, फुलपाखराच्या आकाराच्या पायाचा. तिसरा ट्रक-ट्रॅक्टरला असतो तसा धातूच्या पेटीतला, यू आकाराच्या ब्रॅकेटसकट. खडबडीत वापराला मला तिसरा सगळ्यात पसंत. आकाराने मोठा आहे खरा, पण दणका सोसतो, कोन बदलता येतो आणि नवा कॅमेरा जुन्याच ब्रॅकेटवर चढतो.

घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा.

*सिग्नल.* स्क्रीन कोणता सिग्नल वाचते ते तिच्या माहितीपत्रकात बघा. जुन्या साध्या स्क्रीन फक्त सीव्हीबीएस, म्हणजे जुना साधा ॲनालॉग व्हिडिओ सिग्नल घेतात. नव्यांपैकी बऱ्याच एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचा सिग्नल ७२०पी किंवा १०८०पीमध्ये घेतात. एएचडी कॅमेरा साध्या स्क्रीनला जोडला तर पडदा काळा राहतो किंवा नुसते पट्टे दिसतात, आणि माणूस बिचारा वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो. पाल आणि एनटीएससी ही व्हिडिओची दोन मानकं; कॅमेरा आणि स्क्रीन यांची जुळली नाहीत तर चित्र वर-खाली पळतं किंवा रंग उडतात. गाडीचा मूळ कॅमेराच नव्या जागी न्यायचा असेल तर त्याचा व्होल्टेज आधी मीटरने मोजा. काही कंपन्यांचे मूळ कॅमेरे ६ व्होल्टवर चालतात. त्यांना थेट १२ व्होल्ट दिले तर ते जळतात.

*पाणी-धूळ.* आयपी हे धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन. आयपी ६७ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं सुरक्षित. आयपी ६८ त्याहून जास्त, पण नेमकी खोली आणि वेळ कंपनी ठरवते, म्हणून ते आकडे वाचा. ओढे ओलांडायचे आणि नंतर प्रेशर वॉशरने गाडी धुवायची असेल तर आयपी ६९के शोधा. उच्च दाबाच्या गरम फवाऱ्याची चाचणी त्याच मानांकनात येते. ६७ आणि ६८ मध्ये ती नसते.

*कोन.* खोक्यावर १७० अंश लिहिलेलं असलं तरी ते माप बहुतेक वेळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं, म्हणजे कर्णाचं असतं. आडवा कोन त्याहून कमी भरतो. फार रुंद लेन्स कडा वाकवते आणि मागचा खड्डा आहे त्यापेक्षा लांब असल्याचा भास होतो. १२० ते १४० अंश आडवा कोन पुरेसा आहे.

२. चालू चित्र बघत जागा शोधा

घाई करायची नाही ती इथे. कॅमेरा न बसवताच १२ व्होल्टला आणि गाडीतल्या स्क्रीनला तात्पुरता जोडा. व्हिडिओ केबल मागच्या दारातून बाहेर घ्या. मग कॅमेरा दुहेरी टेपने बंपरवर एकेका जागी चिकटवा आणि कुणाला तरी आत बसवून पडद्याचे फोटो काढायला सांगा. एकटे असाल तर फोनवर व्हिडिओ चालू ठेवून फोन स्क्रीनसमोर टेकवा.

जमिनीवर खुणा हव्यात. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि तिथल्या नियमाप्रमाणे गाडीमागचा १० फूट रुंद, २० फूट लांब पट्टा पडद्यात यावा लागतो. तुमची गाडी कुठलीही असो, मोजायला हा पट्टा सोयीचा आहे. खडूने आखा आणि चार कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवा. चारही बाटल्या दिसल्या आणि पडद्याच्या तळाशी बंपरची बारीक कड दिसली की जागा योग्य. ती कड दिसायलाच हवी. झाड किंवा दगड अजून किती लांब आहे, हे त्या कडेवरूनच कळतं.

जागा निवडताना मी या गोष्टी बघतो:

- *डिपार्चर अँगल*, म्हणजे मागचा भाग न घासता गाडी ज्या कोनाच्या उतारावरून सुटू शकते तो कोन. मागच्या टायरपासून बंपरच्या तळाला टेकणारी एक सरळ पट्टी धरा. माउंटचा कोणताही भाग त्या रेषेखाली आला तर पहिल्याच उतारावर तो जमिनीला घासेल.
- *टोइंगच्या जागा.* शॅकल (ओढण्याची कडी), हुक, हिच (ट्रेलर जोडायची जागा) यांच्यापासून माउंट लांब ठेवा. ताणलेला पट्टा बाजूला सरकला तर कॅमेरा कापून नेतो. हाय-लिफ्ट जॅक बंपरला जिथे लावता तो टप्पाही मोकळा हवा.
- *सायलेन्सर.* धुराच्या तोंडाजवळ लेन्सवर काजळी धरते आणि उष्णतेने सील कडक होतं.
- *नंबरप्लेट आणि तिचा दिवा.* दोन्ही झाकले जाता कामा नयेत.
- *मधली रेषा.* शक्यतो मधोमध. बाजूला बसवावाच लागला तर पडद्यावरच्या मार्गदर्शक रेषांवर विसंबू नका. त्या कॅमेरा मध्यावर आहे असं धरून आखलेल्या असतात.

उंचीबद्दल मतभेद असतात. माझं मत सरळ आहे: जमेल तितका वर. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि धूळ तिच्यात ओढली जाते. खाली बसवलेल्या लेन्सवर टायरने उडवलेला चिखल वेगळाच. बंपरच्या वरच्या कडेला किंवा नंबरप्लेटच्या खोबणीत जागा असेल तर तीच घ्या.

स्टेपनीच्या मधोमध, रिमच्या भोकातून बघणारा कॅमेरा छान उंचीवर येतो, हे खरं. पण टायरचं माप बदललं की लेन्स एक तर आत जाते किंवा बाहेर लोंबते. तो पर्याय निवडलात तर माउंटची लांबी कमी-जास्त करता येईल अशी ठेवा.

३. लेन्स किती आत? इथे बहुतेकांचं गणित चुकतं

कॅमेरा वाचावा म्हणून तो बंपरच्या भोकात खोल बसवायचा मोह होतो. मग पडद्याच्या चारही बाजूंना काळी गोल कड येते. हे आधीच मोजता येतं. १४० अंशांच्या लेन्सला मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ७० अंश लागतात. लेन्स पत्र्याच्या पृष्ठभागापासून १० मि.मी. आत असेल तर दोन्हीकडे साधारण २७.५ मि.मी., म्हणजे एकूण ५५ मि.मी. व्यासाचं भोक हवं. १२० अंशांच्या लेन्सला तेवढ्याच खोलीवर ३५ मि.मी. पुरतं. खोली निम्मी केली की भोकही निम्मं.

म्हणून लेन्सची काच पत्र्याच्या जवळपास बरोबरीत ठेवा आणि संरक्षणासाठी वरून १५ ते २० मि.मी. पुढे येणारी छोटी झडप द्या. दोन्ही बाजूंना कॅमेऱ्यापेक्षा किंचित पुढे आलेले कान ठेवले की फांदी आधी त्यांना लागते. झडप चित्रात दिसत असेल तर ती वर न्या. तिने उन्हाची तिरीपही अडते. कॅमेऱ्याला रात्री बघण्यासाठी इन्फ्रारेड एलईडी असतील तर झडपेची आतली बाजू मॅट काळी रंगवा, नाहीतर प्रकाश परत लेन्समध्ये येतो आणि रात्रीचं चित्र दुधाळ दिसतं. याच कारणाने लेन्सपुढे ॲक्रिलिकची जादा काच बसवू नका.

४. साहित्य आणि हत्यारं

- जाड पुठ्ठा, कात्री, गुण्या, कॅलिपर, मार्कर
- ३ मि.मी. माइल्ड स्टीलचा पत्रा किंवा पट्टी
- स्टेनलेसचे एम५ आणि एम६ बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे), वायसर
- सेंटर पंच, ३ मि.मी. ड्रिल, स्टेप ड्रिल किंवा बायमेटल होल सॉ, कटिंग ऑइल
- कानस, अँगल ग्राइंडर, गॉगल, हातमोजे
- झिंक प्रायमर आणि वरचा रंग
- रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारी कडी), आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), खाचांचा लवचीक पाइप, केबल टाय
- मल्टिमीटर, १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज होल्डर

वेल्डिंग मशीन यादीत मुद्दाम नाही. वाकवलेल्या पत्र्याचा, बोल्टवर बसणारा माउंट वेल्डिंगशिवाय होतो.

५. पुठ्ठा, मग प्रिंट, मग पत्रा

पुठ्ठ्यावर माउंट उलगडलेल्या अवस्थेत आखा: मागची पाटी, दोन कान, वरची झडप. कापा, दुमडा, कॅमेरा आत ठेवा आणि बंपरवर धरून पुन्हा एकदा पडदा बघा. कॅमेऱ्याच्या मागे केबल वळायला जागा आहे ना, पाना फिरवायला हात जातो का, मागचं दार किंवा स्टेपनीचा हात उघडताना कुठे अडत नाही ना, हे सगळं आत्ताच कळतं.

दोन्ही कानांना एक-एक गोल भोक आणि त्याभोवती कमानीच्या आकाराची खाच द्या. गोल भोकातला बोल्ट बिजागरी होतो, खाचेतला कोन पकडून ठेवतो. वर-खाली १० ते १५ अंश हालचाल पुरते. लोड भरला, सस्पेन्शन उचललं की कोन पुन्हा लावावा लागतो, त्यामुळे ही खाच टाळू नका.

थ्रीडी प्रिंटर हाताशी असेल तर मधला नमुना प्रिंट करा. कायमचा माउंटही प्रिंटेड ठेवायचा असेल तर पीएलए हे नेहमीचं प्रिंटिंगचं प्लास्टिक चालणार नाही. ते साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडतं आणि उन्हात तापलेला काळा बंपर त्याच्या जवळपास पोहोचतो. एएसए हे दुसरं प्लास्टिक साधारण १०० अंशांपर्यंत टिकतं आणि उन्हाने ठिसूळ होत नाही. तरी दगडाच्या माऱ्यापुढे मला पत्राच भरवशाचा वाटतो.

ॲल्युमिनियम हलकं, पण प्रत निवडून घ्या. ५०५२ सहज वाकतं. ६०६१-टी६ घट्ट वळणावर तडकतं. शिवाय ॲल्युमिनियम थेट स्टीलच्या बंपरवर टेकलं आणि मध्ये पाणी राहिलं तर ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचे वायसर आणि रंगाचा थर हवाच.

माउंट जितका लांब तितका चित्राचा थरकाप जास्त. बंपरपासून पुढे येणारा भाग आखूड ठेवा; ४०-५० मि.मी.च्या पुढे गेलाच तर कोनात तिरपी आधारपट्टी द्या. थरथर कमी करायला मऊ रबराच्या जाड चकत्या घालू नका, त्यावर कॅमेरा हळूहळू मान टाकतो.

६. भोकं पाडणं आणि बसवणं

शक्य असेल तर बंपर खाली उतरवा. नाही उतरवता आला तर मागे काय आहे ते वाकून बघा. इंधनाची टाकी, ब्रेकची नळी किंवा हार्नेस असेल तर ड्रिलला टेपची खूण करून खोली बांधून घ्या.

सेंटर पंच, मग ३ मि.मी. भोक, मग मोठं. फिरण्याचा वेग कमी, हाताचा दाब जास्त, तेल भरपूर. होल सॉ जोरात फिरवला की दात जळतात आणि पत्रा निळा पडतो. आरपार जाताना ड्रिल अडकून मनगट पिरगळतं, तेव्हा शेवटच्या क्षणी दाब सोडा. एम५ बोल्टला ५.५ आणि एम६ ला ६.६ मि.मी. भोक ठीक बसतं.

बंपर पेटीसारखा बंद असेल तर आत नट धरायला हात जात नाही. पत्रा ५ मि.मी. किंवा जाड असेल तर ५ मि.मी. भोक पाडून एम६ चे आटे पाडा. ३ मि.मी. पत्र्यात जेमतेम तीन आटे मिळतात. तिथे रिव्हनट (बाहेरूनच भोकात आवळून बसवायचा आट्यांचा नट) वापरा. त्याच्या भोकाचं माप पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. बंद पेटीला वर भोक पाडलं म्हणजे आत पाणी शिरणार, म्हणून तळाला निचऱ्याचं ६ ते ८ मि.मी. भोक द्या.

प्रत्येक भोकाची धार कानसेने मोडा, लोखंडाचा कीस झटकून काढा आणि उघड्या पत्र्याला लगेच झिंक प्रायमर लावा. कीस राहिला की पहिल्या पावसात गंजाचे ओघळ दिसतात. प्रायमर वाळल्यावर रंग, रंग वाळल्यावर ग्रोमेट, मग केबल. हा क्रम मोडू नका. उघड्या धारेवरून ओढलेली केबल आतून कापली जाते आणि दोष महिन्यांनी उघडा पडतो.

वेल्डिंग करायचंच असेल तर फक्त माउंटचे तुकडे, तेही टेबलावर. गाडीवर वेल्डिंग म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह काढणं, कॅमेरा आणि वायरिंग हटवणं आणि टाकीची काळजी. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणारा झिंकचा धूर ताप आणतो. थर आधी घासून काढा आणि उघड्या हवेत काम करा. माउंट बंपरला कायमचा जोडू नका. वाकलेला माउंट बोल्ट काढून बदलता येतो. वेल्ड केलेला उपटताना बंपरचाही पत्रा फाटतो.

७. वायरिंग

तत्त्व सोपं आहे: कॅमेऱ्याची लाल वायर रिव्हर्स दिव्याच्या पॉझिटिव्हला फ्यूजमधून, काळी बॉडीच्या उघड्या धातूला, आणि व्हिडिओ केबल स्क्रीनला. केबलसोबत येणारी बारीक लाल वायर ट्रिगरची, म्हणजे स्क्रीनला रिव्हर्स पडल्याचा इशारा देणारी असते. तिचं मागचं टोक कॅमेऱ्याच्या पॉझिटिव्हला आणि पुढचं स्क्रीनच्या रिव्हर्स वायरला जोडलं की गिअर टाकताच पडदा बदलतो. रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक वायर मीटरने तपासा.

अडचणी नेहमीच्याच असतात:

- अर्थिंग पावडर कोटिंग केलेल्या बंपरवर घेतलं तर चित्र येत-जात राहतं. बॉडीवरचा मूळ अर्थिंगचा बोल्ट शोधा.
- इंजिन चालू झाल्यावर चित्रात सरकत्या आडव्या रेषा आल्या तर स्क्रीनचं आणि कॅमेऱ्याचं अर्थिंग एकाच जागी आणून बघा.
- काही नव्या गाड्यांत रिव्हर्स दिव्याला अखंड १२ व्होल्ट न मिळता तुटक स्पंद मिळतात. चित्र लुकलुकतं. कॅमेऱ्याच्या पुरवठ्यात रिव्हर्स कॅमेऱ्यासाठीचा तयार फिल्टर बसवा.
- ट्रेलवर पुढे जातानाही मागे बघायला वेगळं बटण हवं असतं. ते इग्निशनच्या फ्यूजवरून घ्या, पण रिव्हर्स दिव्याकडून येणाऱ्या वायरमध्ये १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, पट्ट्याची बाजू कॅमेऱ्याकडे. डायोड नसेल तर बटण दाबल्यावर वीज उलटी जाऊन रिव्हर्सचे दिवे पेटतात आणि मागचा चालक गोंधळतो.

व्हिडिओ केबलचा आरसीए जोड (टोकाची साधी गोल पिन) पाण्यात टिकत नाही. तो गाडीच्या आतच ठेवा. बाहेर जोड हवाच असेल तर आट्यांनी घट्ट होणारा चार पिनांचा जलरोधक जोड घ्या. जोडाच्या आधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून टपकेल. चेसिसवर केबल खाचांच्या पाइपमधून न्या, सायलेन्सरपासून किमान वीतभर लांब. चेसिसवरून बॉडीवर चढताना थोडी सैल सोडा, कारण रबरी माउंटवर बॉडी हलते. बंपरला उघडणारा स्टेपनीचा हात असेल आणि कॅमेरा त्यावर असेल तर केबल बिजागरीजवळून, मोठ्या वळणाने न्या आणि हात पूर्ण उघडून ताण येत नाही ना ते बघा.

८. कोन, आरसा, रेषा

खडूच्या पट्ट्यावर परत या आणि कोन लावा. गाडीत नेहमीचं सामान आणि माणसं असताना लावलेला कोन खरा. मग हात बाहेर काढून गाडीच्या उजव्या बाजूला हलवायला सांगा: पडद्यावरही तो उजवीकडेच दिसला पाहिजे, आतल्या आरशात दिसतो तसा. उलट दिसला तर मिरर सेटिंग बदला. काही कॅमेऱ्यांत त्यासाठी वायरचा छोटा लूप कापायचा असतो, रेषा घालवायला दुसरा. माहितीपत्रक वाचल्याशिवाय कात्री लावू नका.

कॅमेऱ्यात आधीच आखलेल्या रेषा तुमच्या उंचीशी जुळतील याची खात्री नसते. मी त्या बंद करतो आणि बंपरपासून १, २ आणि ३ मीटरवर वस्तू ठेवून पडद्यावर त्या कुठे येतात ते लक्षात ठेवतो. स्क्रीनमध्ये रेषा हलवायची सोय असेल तर याच वस्तूंवर त्या बसवा.

९. ट्रेलआधीची चाचणी आणि नंतरची देखभाल

बोल्टना मध्यम ताकदीचा, निळा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा. नायलॉक नट असेल तिथे गरज नाही. घट्ट केल्यावर बोल्ट आणि पत्रा यांवरून मार्करची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरला. पाइपने पाणी मारा, तासाभराने लेन्सच्या आत धुकं धरलं का बघा. रात्री ब्रेक दाबून आणि मागचे जादा दिवे लावून चित्र किती फिकट होतं तेही बघा. फार फिकट झालं तर त्या दिव्यांचा कोन बदला.

पहिल्या खडबडीत फेरीनंतर मार्करच्या रेघा, ग्रोमेट आणि केबल टाय तपासा. लेन्सवरचा सुका चिखल फडक्याने पुसू नका, चरे पडतात. आधी पाणी ओता, मग मऊ कापड. मागच्या काचेला वॉशर असेल तर त्याच्या नळीला टी-जोड देऊन एक बारीक नोझल लेन्सवर रोखता येतं. वरच्या झडपेत त्यासाठी एक ५ मि.मी.चं भोक आत्ताच पाडून ग्रोमेटने बुजवून ठेवा.